कुलूपबंद पाली

नऊ जानेवारीला सकाळी पालसरांकडे एक हजार आठशे चाळीस डॉलरची मागणी आली. मागणारा सावकार नव्हता. प्राणिशास्त्राचे एक नामांकित नियतकालिक होते, आणि तेही मागत नव्हते, नुसते सुचवत होते. आपला पालींवरचा लेख आम्ही स्वीकारत आहोत, अभिनंदन. तो जगात कोणालाही फुकट वाचता यावा अशी आपली इच्छा असेल तर एवढी रक्कम भरावी. इच्छा नसेल तर काहीही भरू नये. लेख आमच्या कुलपात सुरक्षित राहील आणि ज्याला हवा असेल तो आमच्याकडून विकत घेईल.

पालसरांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले. तेव्हा कुठे शेवटचा परिच्छेद त्यांच्या ध्यानात आला. आमच्या संगणकाने तपासले असता आपल्या लेखातला एक्क्याण्णव टक्के मजकूर ‘खुला पिंजरा’ नावाच्या ब्लॉगवरून उचललेला आढळतो. सदर ब्लॉग चालवणाऱ्या व्यक्तीची लेखी परवानगी आणावी, आणि तिला तो मजकूर तिथून काढून टाकायला सांगावे.

‘खुला पिंजरा’ पालसर स्वतःच चालवत होते.

पालसर म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सहयोगी प्राध्यापक, वय सत्तावन्न. खरे नाव पगारपत्रकावर आहे, पण विद्यार्थ्यांनी ठेवलेले हेच नाव प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेले. भिंतीवर पाल दिसली की लोक झाडू शोधतात, हे मोजपट्टी शोधत. घरातही पालींना मुक्त संचार होता आणि बायकोला सक्त ताकीद. स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे एक पाल राहायची. तिला हाकलायची भाषा केली की सर म्हणत, ती माझ्या अभ्यासात आहे. बायकोचे म्हणणे असे की, मीही तीस वर्षे याच घरात आहे, माझा अभ्यास कोणी केलेला नाही.

ब्लॉग अकरा वर्षांचा होता. त्यात प्राण्यांविषयी सोपे, चांगले लिहिलेले असे, फक्त दोन परिच्छेद. तिसऱ्या परिच्छेदात सर नियतकालिकांच्या मालकांवर घसरत. प्राणी गोगलगाय असो की गिधाड, शेवट एकच. संशोधन करणारा फुकट राबतो, ते तपासणारा फुकट तपासतो, आणि मधला दलाल त्याला कुलूप लावून पुन्हा त्याच दोघांना विकतो. गोचिडीवरच्या लेखात तर गोचिडीच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या, बाकी सगळे प्रकाशकच होते. त्यावर एका निवृत्त पशुवैद्यांनी आक्षेप नोंदवला. ही तुलना गोचिडीवर अन्याय करणारी आहे, त्यांनी लिहिले. पोट भरल्यावर गोचीड गळून पडते.

हे पशुवैद्य ब्लॉगचे सर्वांत निष्ठावान वाचक. एकूण वाचक चाळीसेक असतील. त्यातले काही विद्यार्थी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उगवणारे. काही जण ‘पाल अंगावर पडल्यास काय होते’ असे शोधत चुकून आलेले. सर मात्र लिहिताना असे लिहीत, जणू पलीकडे सगळी मानवजात पेन सरसावून बसली आहे.

पालींचा अभ्यास सहा वर्षे चालला होता. संध्याकाळी कॉलेज सुटले की विज्ञान विभागाच्या व्हरांड्यात ट्यूबलाइट लागत, त्यांच्याभोवती किडे जमत आणि किड्यांमागोमाग पाली. सर खुर्ची टाकून भिंतीकडे तोंड करून बसत. पहिल्या वर्षी त्यांनी प्रत्येक पालीच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला. पाली कात टाकतात हे ते वर्गात दरवर्षी शिकवत होते, तरी ठिपके कुठे गेले याचा त्यांनी महिनाभर शोध घेतला. मग फोटो काढून पाठीवरच्या नक्षीवरून ओळख पटवायला सुरुवात झाली. चौथ्या वर्षी कॉलेजने वीज वाचवण्यासाठी नवे दिवे बसवायला काढले. किडे कमी येतील, पाली पांगतील, असा अर्ज करून सरांनी एका भिंतीवरचे जुने दिवे वाचवले. प्राचार्यांनी त्यावर शेरा मारला, पालींच्या हितास्तव मंजूर. हा शेरा स्टाफरूममध्ये वर्षभर पुरला.

निष्कर्ष मात्र खरोखर चांगला होता. दिव्याजवळची जागा मोठ्या पालीची असते, हे कोणीही सांगेल. पण तीच मोठी पाल शेपूट गमावून आली की तिच्याहून लहान पाल तिला अंधारात ढकलते. नवे शेपूट फुटू लागले की ती हळूहळू सरकत उजेडाकडे येते, पण पुरती कधीच पोचत नाही. सरांनी हे सगळे तक्त्यांसह, फोटोंसह, पहिल्याच झटक्यात ब्लॉगवर टाकून दिले. वर लिहिले, ज्ञान ही कोणाच्या बापाची जहागीर नाही. ज्याला हवे त्याने न्यावे, विचारूही नये.

कोणी नेले नाही. कोणी विचारलेही नाही.

मग पदोन्नतीची समिती जाहीर झाली. प्राध्यापक व्हायचे तर मान्यताप्राप्त यादीतल्या नियतकालिकात मार्चअखेरपर्यंत एक लेख छापून आलेला हवा, ही अट. सरांना समितीने याआधी दोनदा वगळले होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, बेडकांचे अभ्यासक, सात वर्षांनी कनिष्ठ, ते मागच्या खेपेलाच प्राध्यापक झाले. त्यांचे नऊ लेख होते, सगळे पैसे टाका आणि पान घ्या अशा ठिकाणी छापलेले. त्यातल्या दोन लेखांतले बेडूकही एकच होते. समितीने नऊ मोजले. समिती चार वर्षांतून एकदा बसते. पुढच्या खेपेला सर घरी बसलेले असणार, आणि पदातला फरक पेन्शनमध्ये जन्मभर सोबत करणार. शिवाय दारावरच्या पाटीवरचा ‘सहयोगी’ हा शब्द सरांना अलीकडे फार लांब वाटू लागला होता.

म्हणून सरांनी ब्लॉगवरचाच लेख इंग्रजीत उतरवला आणि ज्यांना गोचीड म्हटले त्यांच्याच दारात नेऊन ठेवला. ब्लॉगवर याविषयी अवाक्षर नव्हते. संगणक दोन भाषांतले लेखही ताडून पाहतो, आणि तक्ते तर आकडान् आकडा तेच होते, हे त्यांच्या डोक्यात आले नाही. आपल्या लेखनाची चोरी पकडली जावी आणि चोरही आपणच निघावे, हा मान प्रत्येकाला मिळत नाही.

पत्र आले त्या संध्याकाळी सरांनी ते बायकोला वाचून दाखवले. ती एका खासगी हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर बसते. पैसे भरताना माणसांचे चेहरे कसे होतात याचा तिचा अभ्यास सरांच्या पालींपेक्षा जुना. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतले आणि सुरी खाली ठेवली.

“म्हणजे सहा वर्षं भिंतीकडं बघितलंत ते फुकट, लिहिलंत ते फुकट, दुसऱ्या कोणी तपासलं तेही फुकट. आणि आता लोकांना फुकट द्यायचं तर पैसे तुम्हीच भरायचे?”

“तसं आहे खरं.”

“आमच्या हॉस्पिटलात निदान आधी भूल तरी देतात.”

पैसे भरण्याचा प्रश्न तिथेच मिटला. ती रक्कम म्हणजे सरांचा दीड महिन्याचा पगार. उरला प्रश्न परवानगीचा. सरांनी तत्त्वाचा मुद्दा काढला. मी अकरा वर्षे सांगत आलो की ज्ञानाला कुलूप लावू नये, आणि आता मीच किल्ली नेऊन देऊ? बायको म्हणाली, तत्त्वाला पेन्शन नसते. सर म्हणाले, आणि इभ्रत? बायकोने विचारले, कोणाच्यात? चाळिसातल्या कोणकोणत्या वाचकांना तोंड दाखवायचे आहे त्याची नावे घ्या. सरांना पशुवैद्य सोडून दुसरे नाव आठवले नाही.

दोन दिवस फुगून बसल्यावर पालसरांनी पालसरांना अर्ज लिहिला. आपल्या ब्लॉगवरील मजकूर वापरण्याची अनुमती मिळावी, ही नम्र विनंती. खाली सही, तारीख. मग खुर्ची तीच, पेन तेच, पण मान थोडी ताठ करून त्यांनी उत्तर लिहायला घेतले. उत्तरात त्यांचा मूळ स्वभाव उफाळून आला. परवानगी देण्यात येत आहे, मात्र अर्जदाराने मजकूर वापरण्यापूर्वी विचारायला हवे होते, अशी समजही त्यांनी देऊन टाकली. आपणच ‘विचारूही नये’ असे लिहून ठेवल्याचा त्यांना विसर पडला होता. साक्षीदार म्हणून बायकोने सही केली. अर्जदाराला आणि मालकाला तुम्ही ओळखता का, असे कोणी विचारले तर काय सांगू, एवढेच तिने विचारले.

नियतकालिकाचे दुसऱ्याच दिवशी समाधान झाले. ब्लॉगचालकांनी दाखवलेल्या सहकार्याबद्दल त्यांनी पालसरांमार्फत आभार कळवले. मजकूर काढला की कळवावे, ही आठवणही होती.

तो काढायला सरांना आठवडा लागला. रोज उघडत, वाचत, आणि इतके बरे लिहिले होते का आपण, म्हणून बंद करत. शेवटी एका दुपारी तास रिकामा होता तेव्हा त्यांनी कळ दाबली. सहा वर्षांच्या पाली, तक्ते, फोटो, खाली विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या थट्टा, सगळे एका क्षणात गेले. त्या जागी त्यांनी एक ओळ टाकली: तांत्रिक कारणामुळे हा मजकूर उपलब्ध नाही.

संध्याकाळी पशुवैद्यांचा फोन आला. कोणते तांत्रिक कारण, त्यांनी विचारले. सरांनी आधी सर्व्हरवर ढकलून पाहिले. पशुवैद्यांनी उभी हयात मुक्या जनावरांची दुखणी ओळखण्यात घालवलेली, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“प्रमोशन,” सर शेवटी म्हणाले.

“मग बरोबर आहे. तेही तांत्रिकच.”

मार्चच्या मध्यावर लेख छापून आला. म्हणजे संकेतस्थळावर दिसू लागला: वर शीर्षक, खाली सरांचे नाव, त्याखाली चार ओळींचा सारांश आणि मग एक करड्या रंगाचे कुलूप. वाचायचा तर बेचाळीस डॉलर. पण प्रकाशक अगदीच निर्दय नव्हते. त्यांनी लेखकाला खास भेट म्हणून एक दुवा पाठवला होता. त्यावरून लेख पहिल्या पंचवीस वेळा फुकट उतरवून घेता येणार होता. ज्येष्ठांना, सहकाऱ्यांना, कुटुंबीयांना वाटावा, असे त्यात सुचवले होते.

इथे दुसऱ्या कोणीही आधी आपली प्रत उतरवून घेतली असती. सरांना तो दुवा पाहताच ब्लॉगवरचा मजकूर काढल्याचे पाप धुऊन काढायची संधी दिसली. त्यांनी तो त्या मिनिटाला ब्लॉगवर टाकला. वर लिहिले, कुलपाला भोक सापडले आहे, घ्या. दुपारी वर्ग होते, नंतर विभागाची बैठक. चार वाजता विजयी मुद्रेने त्यांनी स्वतःसाठी दुवा उघडला, तर समोर बेचाळीस डॉलरची पाटी. पंचवीस संपले होते.

सरांना आधी धन्य वाटले. एका दिवसात पंचवीस वाचक म्हणजे ब्लॉगच्या इतिहासातला उच्चांक. मग मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी पशुवैद्यांना फोन लावला. पशुवैद्यांनी कौतुकाने सांगितले की, सकाळपासून प्रयत्न करतो आहे, फाइल काही उघडत नाही, फोन जुना आहे ना. किती वेळा प्रयत्न केला? असेल अठरा-एकोणीस वेळा, ते म्हणाले. तुमचे काम म्हटल्यावर मी असा सोडणारा नाही.

उरलेल्यांपैकी बायकोने हॉस्पिटलातून दोनदा उघडला होता, वरिष्ठांना दाखवायला. एक जण बेडूकवाले होते. त्यांनी उतरवला आणि पहिल्या पानावरचे शब्द मोजून ठेवून दिला.

ही सगळी गंमतच राहिली असती, पण समितीच्या आदल्या दिवशी आस्थापना विभागातल्या कारकुनाने सरांची फाइल परत पाठवली. लेखाची अंतिम छापील प्रत, पृष्ठक्रमांकासह, जोडलेली नाही. सरांनी आपले मूळ हस्तलिखित पुढे केले. कारकून म्हणाला, हे तुम्ही लिहिलेले आहे, छापलेले कुठे आहे? सरांनी पडद्यावरचे नाव दाखवले. त्याने कुलूप दाखवले. बेडूकवाल्यांनी उदार मनाने आपली प्रत देऊ केली, पण उतरवून घेणाऱ्याचे नाव प्रत्येक पानावर आडवे, ठळक छापून येते अशी त्या प्रकाशकाची रीत. पानभर बेडूकवाल्यांचे नाव आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात सरांचे. कारकुनाने ती प्रत लांब धरून पाहिली आणि विचारले, हे मुख्य लेखक का? फाइल उद्या सकाळी दहापर्यंत पुरी झाली नाही तर नाव समितीपुढे जाणार नाही, हेही त्याने अगदी सौम्यपणे सांगितले.

प्रकाशकांना पाठवलेल्या तातडीच्या पत्राला ताबडतोब उत्तर आले. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, सात कामकाजाच्या दिवसांत संपर्क साधू. सर ग्रंथालयाकडे धावले.

ग्रंथपालबाई खिडकीजवळच्या टेबलाशी पुस्तकांच्या पाठींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होत्या. बोलणे बेताचे, आवाज कधी न चढणारा, आणि दहा वर्षांपूर्वीचा कागदही बसल्या जागी काढून देणारी बाई. सरांनी धापा टाकत विचारले, हे नियतकालिक आपल्याकडे येते ना? कॉलेजची वर्गणी असेल तर कुलूप आपोआप उघडते.

“यायचं, सर. चार वर्षांमागं बंद केलं.”

सर उसळले. प्राणिशास्त्राचे इतके महत्त्वाचे नियतकालिक बंद करणारा मूर्ख कोण, त्यांनी विचारले.

“तुमचंच पत्र होतं. अशा लुटारूंना कॉलेजनं एक पैसा देऊ नये म्हणून. प्राचार्य सरांना ते इतकं पटलं की त्यांनी त्याच दिवशी सही केली.”

वाचलेल्या पैशांचे काय झाले हे सरांनी विचारले नाही. ते सगळ्यांना ठाऊक होते. प्राचार्यांच्या केबिनला काचेचे सरकते दार बसले होते, आणि त्या दाराचे सरांनी तेव्हा कौतुकही केले होते.

आता बेचाळीस डॉलर भरणे एवढाच मार्ग होता. सरांच्या कार्डावरून परदेशी पैसे जात नव्हते. असल्या दुकानांत कधी खरेदी करायची वेळच येऊ नये म्हणून त्यांनी ती सोय बँकेकडून मुद्दाम बंद करून घेतली होती. बाईंची मुलगी परदेशात शिकत होती, त्यामुळे त्यांचे कार्ड चाले. सर काही बोलायच्या आत त्यांनी डिंकाची बोटे पुसली, पर्स उघडली, आकडे टाकले. कुलूप उघडले. बावीस पाने छापून बाहेर आली. प्रत्येक पानावर आडवे, ठळक अक्षरांत ग्रंथपालबाईंचे नाव.

मग बाईंनी ग्रंथालयाचा शिक्का काढला आणि प्रत्येक पानावर आपल्या नावाखाली नेमका उमटवला. आता ती व्यक्तीची प्रत राहिली नव्हती, संस्थेची प्रत झाली होती. शिक्का दिसताच कारकुनाने ती निमूट घेतली. शिक्क्याच्या वर काय लिहिले आहे ते वाचायचा त्याचा रिवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. लांब टेबल, तिघे जण, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अध्यक्षांनी पृष्ठसंख्या विचारली. सरांनी बावीस सांगितली. दुसऱ्या सदस्यांनी नियतकालिकाचे नाव यादीत बोट फिरवून ताडले आणि ते सापडल्याचा आनंद दाखवला. लेखात काय आहे हे कोणी विचारले नाही. सहा वर्षांची मेहनत दोन मिनिटांत उरकली, आणि सरांना सुटल्यासारखे वाटले. सोपा पेपर आल्यावर विद्यार्थ्यांना वाटते तसे.

मग बाहेरून आलेले तज्ज्ञ, माशांचे अभ्यासक, इतका वेळ गप्प बसलेले, त्यांनी प्रत हातात घेतली, चाळली आणि मान वर केली.

“शेपूट गेलेल्या पालींचं ते तुमचंच का? मी ब्लॉगवर वाचलं होतं. वर्गात मुलांनाही वाचून दाखवलं. यात ते सगळं आहे, पण त्यात मजा होती. परवा परत शोधलं तर तिथं तांत्रिक कारण लिहिलंय. काय झालं हो?”

अकरा वर्षांत पहिल्यांदाच सरांना समोर बसलेला, ओळखदेख नसलेला, पुरा लेख वाचलेला माणूस भेटला होता, आणि त्यालाच द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हते. मजकूर हटवला आहे, असे त्यांनीच सहीनिशी लिहून दिले होते. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. सर म्हणाले, सर्व्हरचा काही तरी घोटाळा आहे. तज्ज्ञांनी मान हलवली, आमच्याकडेही असेच होते म्हणाले, आणि सही केली.

पदोन्नती मिळाली. पाटी बदलली, ‘सहयोगी’ गेल्यावर नाव मध्यभागी यावे म्हणून सुताराला दोनदा बोलवावे लागले. ब्लॉगवर पुढचा लेख वाळवीवर आला. त्यात तिसरा परिच्छेद नव्हता. माशांच्या तज्ज्ञांना पाठवायचा म्हणून सरांनी आपल्या जुन्या मजकुराची प्रत घरातल्या संगणकावर शोधली, तर तिथे फक्त इंग्रजी होते. मराठीतला तेवढा ब्लॉगवरच होता.

बँकेच्या दराने बेचाळीस डॉलरचे तीन हजार सहाशे बारा रुपये झाले. सरांनी पगार झाल्यावर तीन हजार नेऊन दिले. ग्रंथपालबाईंचे सहाशे बारा रुपये द्यायचे राहिले आहेत.